चुलीपाशी तपासलेली गाठ

कोहिमा, १९ जून

प्रिय नेइलाटुओ दादा,

घरी सगळे बरे असाल. वहिनीने पाठवलेले बांबूचे कोंब पोचले, पोरींनी दोन दिवसांत फस्त केले. लावणी सुरू झाली असेल. तू चिखलात उतरू नकोस, इतरांना उतरू दे.

फोन केला असता, पण फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस आणि मीही तुझ्याबरोबर हसते. म्हणून गावच्या सुमोवाल्याजवळ हे पत्र देते आहे.

आमच्या कान-नाक-घशाच्या डॉ. तोशींनी गेल्या आठवड्यात तपासणीसाठी तुझ्या नाकामागून तुकडा काढला, त्याचा अहवाल आला. मानेतली गाठ क्षयाची नाही. नाकाच्या मागे कॅन्सर आहे, गाठ त्याचीच. आपल्या डोंगरांत हा इतका आढळतो की मानेत गाठ घेऊन आलेल्या माणसाच्या नाकात आधी दुर्बीण घाला, असं मी शिकाऊ डॉक्टरांना दरवर्षी बजावते. तुला मात्र चार महिने क्षयाच्या गोळ्या दिल्या गेल्या.

दिल्या गेल्या नाहीत. मी दिल्या. फेब्रुवारीत, सेक्रेन्यीच्या सणाला, चुलीपाशी बसून एका हातात मांसाची वाटी धरून मी तुझी मान चाचपली आणि निकाल देऊन मोकळी झाले. परका असतास तर रांगेत बसवलं असतं, गाठीत सुई घालून तपासलं असतं. भावाला कसली रांग! डावा कान भरल्यासारखा वाटतो, असंही तू म्हणालास; तीही याच आजाराची खूण. मी म्हटलं, "वहिनीचं ऐकायला नको म्हणून सोंग करतोस." सगळे हसले, तूसुद्धा. तेव्हा गाठ एकाच बाजूला होती. आता दोन्हीकडे आहे.

गोळ्या कुणी सुरू केल्या, असं डॉ. तोशींनी विचारलं तेव्हा तू दिमापूरच्या कुठल्याशा डॉक्टरवर ढकललंस. वहिनीने सांगितलं मला. दादा, कशाला वाचवलंस? काल मी त्यांना खरं सांगून आले. ते एवढंच म्हणाले, "आता वेळ घालवू नका."

गोळ्या आजच बंद कर. सोमवारी गुवाहाटीला निघायचं. किरणांच्या उपचाराने हा आजार हटतो, पुष्कळांचा हटलाय. पण चुलीपाशी बोलले तितक्या खात्रीने आज मला बोलवत नाही. तपासतील तिथले डॉक्टर, मी नुसती सोबत येईन. नको म्हणालास तर मागच्या गाडीने येईन.

ओरडायचं असेल तर वाटेत ओरड. माफ मात्र इतक्यात करू नकोस, तू फार लवकर करतोस.

तुझी धाकटी बहीण, या खेपेला फक्त बहीण,
मेझिनुओ