बर्फाच्या दिवसाची हजेरी

अल्डर लेक, मिनेसोटा
८ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय आयली,

आज सकाळी तळघरातल्या हीटरची जाळी बदलली. तुझ्या आईचे थंडीचे कोट चर्चमध्ये देऊन आलो. दुपारी कालचंच वाटाण्याचं सूप गरम करून खाल्लं. तळ्याच्या कडेला बर्फ धरायला लागलंय. बाकी विशेष काही नाही.

सप्टेंबरात तू आईच्या अंत्यविधीला आलीस तेव्हा आपलं बोलणं झालंच नाही. तू चर्चच्या स्वयंपाकघरात कप धूत होतीस, मी दाराशी उभा राहून लोकांचे हात हातात घेत होतो. दुसऱ्या दिवशी तुझं सिएटलचं विमान होतं. फोनवर मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितोय.

त्या दिवसाआधी पाद्रीबाईंनी मला विचारलं होतं, "रेनो, मार्लिस शाळेत गणित शिकवायची हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते कॉम्प्युटरचं नक्की काय होतं? दोन वाक्यं सांगा, मी प्रार्थनेच्या वेळी बोलेन." मला दोन वाक्यं सांगता आली नाहीत. मी म्हणालो, शाळांसाठी काहीतरी फुकट करायची. त्यांनी तेवढंच सांगितलं. घरी आल्यावर मला ते लागलं. आणखी काय सांगायला हवं होतं, याचा तेव्हापासून विचार करतोय.

खाणीचं ऑफिस बंद झालं तेव्हा त्यांनी जुने कॉम्प्युटर बाहेर अंगणात काढून ठेवले होते. मी ते ट्रकमधून आणले, तेव्हा तुझी आई म्हणाली, "रेनो, नवरा भंगार गोळा करतो हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही." मी ते दुरुस्त करत बसलो आणि ती त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहीत बसली. हजेरी, वेळापत्रक, गुण, एवढंच. गरीब शाळेनं जुन्यात जुन्या मशीनवर चालवावा, आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं, हवं तर बदलावं, पैसे कुणी कुणाला देऊ नयेत. नाव ठेवलं टॅमरॅक. हिवाळ्यात ते झाड मेल्यासारखं दिसतं आणि लोक सरपणासाठी तोडायला निघतात, पण वसंतात त्याला पुन्हा पालवी फुटते, म्हणून तिला ते आवडायचं.

पहिल्याच वर्षीचा तो सोमवार तुला आठवत असेल. शुक्रवारी तिनं एकटीनंच काहीतरी बदल करून टाकला होता आणि सोमवारी अख्ख्या शाळेची हजेरी पुसली गेली. हेडमास्तर हक्कालांनी वर्गात डोकं घालून विचारलं, "मार्लिस, तुझ्या मशीनच्या म्हणण्याप्रमाणे आज शाळेत कुणीच आलेलं नाही. मग हा गोंगाट कुणाचा?" मुलं दिवसभर हसली. ती हसली नाही. त्या दिवसापासून नियम झाला: स्वतःचं काम स्वतः प्रोग्राममध्ये घालायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी ते ओळ न् ओळ वाचायचं, बरोबर म्हणायचं, मगच ते शाळांकडे जाणार. पुढे बोलिव्हियातल्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टर आल्या, कॅनडातल्या लॅब्राडोरच्या शाळेतली थेल्मा ब्लेक आली, फिनलंडमधली ती दोन अबोल माणसं आली. सगळ्यांनी तो नियम पाळला. सुरुवातीला मात्र दुसरं कुणीच नव्हतं. मला त्यातलं कळत नव्हतं. म्हणून तू वाचायला लागलीस, शाळेतून आल्यावर, वेलचीचा गोड पुल्ला पाव खात, कीबोर्डवर साखर सांडत. "आई, हे चुकलंय." "कुठे चुकलंय?" "तूच शोध." तेव्हा ती चिडायची आणि रात्री माझ्यापाशी तुझं कौतुक करायची. तुझ्यापाशी तिनं ते कधी केलं नाही.

उन्हाळ्यात सगळे आपल्या अंगणात जमायचे. सौनाच्या गरम वाफेतून निघून तळ्यात उड्या मारायचे आणि मग ओल्या टॉवेलवर बसून वाद घालायचे. सिस्टर पाण्यात उतरायच्या नाहीत, पण वादात सगळ्यांच्या पुढे असायच्या. मी सॉसेज भाजायचो. तेव्हा मला वाटायचं, हे असंच चालू राहील.

मग तुझ्या कंपनीसारख्या कंपन्या शाळांना नवी मशीनं देऊ लागल्या आणि आमची गरज कमी झाली. यात तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. मशीनं चांगली आहेत, शिक्षकांचा त्रास वाचतो. तुला तिथे नोकरी लागली तेव्हा स्वयंपाकघरात काय झालं, ते मी बाहेर लाकडं रचताना ऐकलं. ती म्हणाली, "जा. तिथे तुझं काम वाचायला शंभर माणसं असतील." तू म्हणालीस, "इथे तू एकटीच आहेस, आई, आणि तू मला एकदाही बरोबर म्हटलं नाहीस." नंतर दार वाजलं. त्यानंतर तुम्ही दोघी ख्रिसमसला फक्त हवापाण्याबद्दल बोलायचात.

लोक एकेक करून गेले. सिस्टर वारल्या. फिनलंडच्या माणसांनी एक छोटंसं आभाराचं पत्र पाठवलं आणि थांबले. आता मोजक्याच शाळा उरल्यात, त्यातली एक थेल्माची. ती हुशार आहे, पण कोड वाचणं तिचं काम नाही. मागच्या हिवाळ्यात तिनं फोन केला होता: "मार्लिस, तू राहतेस कुठे, फ्लोरिडात? तुझ्या प्रोग्रामला बर्फ माहीतच नाही!" वादळामुळे शाळा दोन तास उशिरा भरली, की प्रोग्राम नेहमीचीच वेळ धरतो आणि लांबून बसनं येणारी सगळी मुलं गैरहजर दिसतात. मग वरच्या ऑफिसातून घरोघरी फोन जातात. या हिवाळ्यातही तसंच झालं तर तिच्या वरचे लोक टॅमरॅक बंद करणार आहेत. तिची शाळा गेली, की बाकीच्याही जातील. मग ते फक्त आपल्या तळघरात चालू राहील.

ही तक्रार नवी नाही. टॅमरॅककडे आलेली सगळ्यात जुनी तक्रार तीच, आणि ती तुझी आहे. तू अकरा वर्षांची होतीस, बसनं जायचीस, आणि हजर असूनही आईच्याच प्रोग्राममध्ये गैरहजर लागलीस. "मी तुझ्यासमोर बसले होते, आई!" ती म्हणाली, उन्हाळ्यात बघू. दर वर्षी तू विचारायचीस आणि ती म्हणायची, उन्हाळ्यात बघू. नंतर तू विचारायची थांबलीस.

या उन्हाळ्यात तिनं ते केलं. पलंग जेवणाच्या खोलीत आणला होता, खिडकीतून तळं दिसावं म्हणून. हात थरथरायचे, म्हणून ती सांगायची आणि मी टाइप करायचो. कीबोर्डवर एका बोटानं मी किती वेळ लावतो ते तू पाहिलंयस. "कंस बंद कर, रेनो. घराचं दारही तू असंच उघडं टाकतोस." काही दिवस एक ओळ व्हायची, काही दिवस तीही नाही. ऑगस्टच्या शेवटी ती म्हणाली, झालं. पुढे तिनं दुसरं काही केलं नाही.

ते तसंच पडून आहे, शाळांकडे गेलेलं नाही. थेल्मा म्हणते, "रेनो, एक बटण दाबायचंय. दाब की! कोण बघतंय?" बटण मला सापडतं. पण मी ते टाइप केलंय, वाचलेलं नाही. वाचताही येत नाही.

मी तिला विचारलं होतं, आता हे वाचणार कोण? ती म्हणाली, "आयली. तिच्यासारखं वाचणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही. पण मी गेल्यावर सांग. आधी सांगितलंस तर आजारी बाई म्हणून ती हो म्हणेल." ती गेली त्याला दोन महिने होत आले, आणि मला हे आज लिहायला जमलं. तुझं जुनं नाव तिनं टॅमरॅकमधून कधी काढलंच नव्हतं, तू आत जाऊ शकतेस. वेळ मिळाला तर बघ. आई गेली म्हणून चूक खपवून घेऊ नकोस; चुकलं असेल तर चुकलंय म्हणून लिही, आणि तुला जमलं तर तूच नीट कर, मग वाचायला कुणीतरी शोधू. नको वाटलं तर तसंही कळव, मी थेल्माला सांगेन. अंधार पडायला लागलाय आणि रात्री बर्फ येणार म्हणतात. हे पाकिटात घालतो आणि शेडमधलं फावडं आणून दाराशी ठेवतो, म्हणजे सकाळी शोधायला नको.

तुझाच,
बाबा