गाण्यातला खालचा सूर

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं गाणं नव्याने निघतंय, हे पेपरात वाचलं. सख्ख्या बहिणीला पेपरातून कळावं, इतके मोठे झालात!

परवा जुनी कॅसेट लावली. सदतीस वर्षं ऐकतेय, तरी हातातलं काम थांबतंच. पहिल्या कडव्याला नुसती गिटार आणि चुटक्या. ड्रम तू दुसऱ्या कडव्यापर्यंत रोखून धरलेस. ध्रुवपदाआधी सगळी वाद्यं क्षणभर गप्प होतात आणि गायिकेचा श्वास तेवढा ऐकू येतो. दुसऱ्या कुणी तिथे व्हायोलिनं कोंबली असती. आणि मग तिच्या आवाजाखाली माझं ते गुणगुणणं. शाळेत प्रार्थनेला सिस्टरांनी मला कायम मागच्या रांगेत, खालच्या सुराला उभं केलं. ते तुझ्या कामी आलं.

एकच मागणं आहे. तेव्हा कव्हरवर जागा नव्हती म्हणालास. या वेळी माझं नाव घाल. कोपऱ्यात, बारीक अक्षरात चालेल.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

कव्हर छपाईला जायचंय, म्हणून खरं सांगणं भाग आहे. मूळ टेपवर तुझा ट्रॅक आहे, पण मिक्सिंगच्या वेळी मी तो बंद ठेवला होता. कुणी सांगितलं नव्हतं. मलाच तुझा आवाज घरगुती वाटला. खालचा सूरही मग गायिकेकडूनच गाऊन घेतला. तू ऐकतेस तो तिचाच आवाज आहे. नाव कसं घालू? बावीस वर्षांचा होतो गं. रागावू नकोस.

तुझा धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,

पुन्हा ऐकलं. तुझा कान बरोबर होता. तो सूर घरगुती मुळीच नाही.

पण माझ्या लग्नात तूच ते लावून सासरच्यांना सांगितलंस की ऐका, ही आमची ताई. तेव्हा तरी गप्प बसायचंस. शेवटच्या आजारपणात ह्यांना माझं गाणं हवं असायचं. रडून रडून माझा घसा बसलेला, म्हणून मी कॅसेट लावायचे. त्या परक्या बाईच्या आवाजावर ते शांत झोपायचे. एकदा म्हणाले, असं पुन्हा एकदा गा ना माझ्यासाठी. मी म्हटलं, आता नाही जमायचं.

प्रकृतीला जप. उत्तराची घाई नाही.

ताई