टेबलाखालचा कप्पा आणि अकरा मिलिमीटर

ती. ताईस,

नमस्कार. (वाकूनच केला आहे, पण कंबरेने अर्ध्यावर अडवला.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? मी बरा आहे. वेळेवर जेवतो. फोनवर मला बोलणं सुचत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

विषय हिच्या कॉम्प्युटरचा. ही गेली आणि महिन्याभरात त्यानेही मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, यात धुळीशिवाय काही उरलं नाही." जुनी डिस्क तेवढी वाचली. मग कपाटात हिचं पाकीट सापडलं. वर लिहिलेलं, 'नवीन ग्राफिक्स कार्डसाठी. कुणीही हात लावू नये.' (घरात आम्ही दोघंच, तेव्हा 'कुणीही' म्हणजे कोण ते कळलं.) तेवढ्या पैशांत अख्खा कॉम्प्युटर जुळवायचा असं मी ठरवलं. माझे पैसे मिसळले असते तर तो हिचा राहिला नसता.

प्रोसेसर मागच्या पिढीचा घेतला. रंगीत दिव्यांचा पंखा नाकारला, खोलीत ट्यूबलाइट आहे. ग्राफिक्स कार्ड एका दंतवैद्याचं, वापरलेलं. (दवाखान्यात कुणी नसताना तो खेळायचा. आता लोकांचे दात किडू लागले, म्हणून विकलं.) कॅबिनेट (कॉम्प्युटरची बाहेरची पेटी) मात्र सगळ्यात आधी आणलं, टेबलाखालच्या कप्प्यात नेमकं बसेल असं. थंडीत त्याच्या उबेला पाय टेकवून बसायची हिला सवय होती ना. कप्पा मी तीनदा मोजला. कार्ड एकदाही नाही. ते कॅबिनेटमधल्या जागेपेक्षा अकरा मिलिमीटर लांब निघालं.

तीस वर्षं वजनमापं निरीक्षक म्हणून मी लोकांचे काटे जप्त केले, त्यातला एक काटा हे कॅबिनेट विकणाऱ्या दुकानदाराच्या वडिलांचा. कॅबिनेट बदलून मागायला गेलो तर तो म्हणाला, "साहेब, आता तुमच्यावर खटला कुणी भरायचा?" मी घरी आलो आणि कॅबिनेटमधली, डिस्क ठेवायची रिकामी जाळी करवतीने कापली. कार्ड बसलं. कापलेल्या कडेला कानस मारली, हाताला लागू नये म्हणून. कुणाच्या हाताला, हा विचार नंतर आला.

काल कॉम्प्युटर सुरू झाला. जुनी डिस्क जोडून खेळ उघडला. हिचा रणगाडा उभा होता, शेजारी तुझा. इतर घरांत नणंद-भावजय एकमेकींवर तोफा डागतात, तुम्ही दोघी दर रविवारी मिळून तिसऱ्यावर डागायच्या. मी चहाचं विचारलं की ही म्हणायची, "थांबा हो, टेकडी घेतोय." काल पाहिलं आणि बंद केलं. कॅबिनेटला पाय टेकवले होते. ऊब चांगली येते.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हिचं नाव तू अजून तुमच्या तुकडीतून काढलेलं नाहीस, हे पाहिलं. काढू नकोस.

आणखी एक ता. क. 'बंद केलं' असं वर लिहिलं आहे, ते लगेच नव्हे. तासभर प्रयत्न केला. रणगाडा फक्त मागे जातो. पुढे कसा न्यायचा? रविवारी चार वाजता हिच्या नावापुढे हिरवा दिवा लागला तर दचकू नकोस, मी असेन. हेडफोन लावून बस. एरवी मला बोलणं सुचत नाही खरं, पण टेकडी घ्यायची म्हणजे काहीतरी बोलावंच लागेल.