बोटाची चुंबळ

प्रति,
मा. संग्रहप्रमुख साहेब,
कै. भिमाजी गुरुजी स्मारक शैक्षणिक साधन संग्रह,
घोडेगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे.

अर्जदार : श्रीमती सगुणा मच्छिंद्र बरकडे, रा. शिनोली, ता. आंबेगाव.

विषय : पेन्सिल नीट धरता यावी म्हणून बोटात घालावयाची लोकरीची चुंबळ परत मिळणेबाबत, तसेच ती करणाऱ्याचा हल्लीचा पत्ता कळविता येत नसलेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज.
२) आपले पत्र : "निर्मात्याचा हल्लीचा पत्ता कळवावा, अन्यथा मुलीस घेऊन येत्या सोमवारी समक्ष पडताळणीस हजर राहावे."

महोदय,

आधीच्या दोन अर्जांत जे लिहायचे राहून गेले, ते या अर्जात लिहिले आहे. मागचा अर्ज परत देताना आपल्या कार्यालयातील भगवंत भाऊसाहेब म्हणाले होते, "ताई, अर्जात मी-मी करायचं नसतं. अर्जदार असं लिहायचं." त्याप्रमाणे केले आहे. ते बरेच झाले. दुसऱ्या कुणा बाईची हकिगत सांगितल्यागत सांगितली, की लिहिणे अडत नाही.

१. अर्जदाराचे पती मच्छिंद्र राघू बरकडे हे घरची थोडी शेती बघून मेंढरे राखीत व हंगामात गावोगाव लोकर कातरण्यास जात. अर्जदाराने हे नाव उखाण्याखेरीज कधी तोंडाने घेतलेले नाही. आपल्या खिडकीवर "निर्मात्याचे नाव काय" असे विचारले गेले, तेव्हाही तिने मुलीलाच पुढे केले होते. कागदावर लिहायला हरकत नसावी. ते सातवी शिकलेले होते व त्यांचे अक्षर असे होते, की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे निम्मे अर्ज त्यांच्या हातचे असत. कातर लागून त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचे वरचे पेर आखडले होते. त्यामुळे अक्षरांवरची रेघ ते सगळ्यात शेवटी, एका ओढीत मारीत, आणि ती टोकाला जाऊन थोडी खाली उतरे. मेंढरू उतारावर पाय टाकते तशी. ती रेघ पाहून शेंबडे पोरही सांगे, की हा अर्ज मच्छिंद्राने लिहिला.

२. मुलगी प्रांजल ही पहिलीत असताना पेन्सिल मुठीत धरी. वडील तिला म्हणाले, "आगं, ही पेन्सिल हाय का खुरपं?" कातरणारी माणसे बोटाला फोड येऊ नये म्हणून कातरीच्या कडीखाली लोकरीची गुंडाळी घालतात. त्यावरून त्यांना सुचले. सन २००१ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी काळ्या दोऱ्याने मुलीच्या बोटाचे माप घेतले व काळ्या लोकरीची दोन कडी वळली, एक अंगठ्याला, एक पहिल्या बोटाला. दोन्हींच्या मध्ये बाभळीचा एवढासा तुकडा बसवून त्याला खाच पाडली. पेन्सिल त्या खाचेत टेकली, की मूठ वळताच येत नाही, बोटे आपोआप जिथल्या तिथे बसतात. घोंगडीला देतात तशी चिंचोक्याची खळ देऊन ती कडी ताठ केली. सासूबाई तुकाबाई बघून म्हणाल्या, "ही तर बोटाची चुंबळ झाली. डोक्यावर हंडा, तशी बोटावर पेन्सिल." तेच नाव पडले. सासूबाई असेही म्हणाल्या, की "वाढतं बोट हाय, जरा सैल ठिव." त्यावर ते म्हणाले, "सैल ठिवली तर धरणार कशी? पुढल्या साली दुसरी करू की."

३. पुढल्याच माघात मेंढरे घेऊन ते घाटाखाली गेले असता, रात्री मेंढरांजवळ निजलेले असताना मण्यार चावून मयत झाले. सोबतच्यांनी त्यांना तिथेच अग्नी दिला. घरी कातर, घोंगडी आणि पिशवी आली. मयत हा शब्द अर्जदाराला दर वेळी लिहवत नाही, म्हणून पुढे लिहिलेला नाही. तो वाचताना आपण धरून घ्यावा.

त्यानंतर मुलगी चुंबळ बोटातून काढीना. जेवतानाही डाव्या हाताने जेवू लागली. पावसाळी हवेत खळ सादळून वास सुटे, तो ती हुंगत बसे. लिहायला बसली, की हात भरभर चाले आणि वरची रेघ टोकाला खाली उतरे. अर्जदाराने विचारले, तर म्हणाली, "दादा हात धरत्यात." वडिलांना ती दादा म्हणते. सासूबाईंनी तिच्या कपाळाला भंडारा लावला. शाळेच्या वृषालीबाई वारूळवाडीच्या, समजुतीच्या आहेत. त्यांनी चुंबळ उजेडात धरून दाखवले, की खाच तिरपी कोरली आहे, स्वतःच्या बोटाच्या सवयीने, म्हणून पेन्सिल शेवटी खाली ओढली जाते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. अर्जदाराला ते पटले. अजूनही पटते. दिवसा तरी पटते.

४. सन २००२ च्या डिसेंबरात बाईंनी ही वस्तू आपल्या संग्रहाने भरविलेल्या शैक्षणिक साधनांच्या प्रदर्शनात मांडली. मुलगी टेबलाशी बसून लिहून दाखवीत होती. लोक कौतुक करीत होते. आपल्या मंडळींपैकी कुणी तिच्यापुढे एक छापील कागद सरकवला व "बाळ, ह्याच्यावर लिहून दाखव" असे म्हटले. तो कागद देणगीपत्राचा होता, हे तेव्हा बाईंच्याही ध्यानात आले नाही. बाईंचे म्हणणे जसेच्या तसे देत आहे : "मी म्हटलं, तुझं नाव लिही. ती हो म्हणाली आणि वडिलांचं लिहायला लागली. मी थांबवलं नाही. म्हटलं, लिहू दे लेकराला."

मुलीने लिहिले ते असे : मच्छिंद्र राघू बरकडे, राहणार शिनोली, हल्ली मुक्काम.

इथे कुणीतरी "झाली सही, शाब्बास" म्हणून कागद ओढून घेतला. टाळ्या झाल्या. चुंबळ काचेच्या पेटीत गेली.

साहेब, आपण एका जागी राहणारे, म्हणून खुलासा करते. हल्ली मुक्काम हे शब्द मेंढरांमागे फिरणाऱ्यांच्या अर्जात असतात. घर एका गावी, मेंढरे दुसऱ्याच शिवारात. त्या दिवशी मेंढरे जिथे बसली असतील, त्या गावाचे नाव पुढे लिहायचे, म्हणजे कागद माणसापर्यंत पोचतो. प्रांजलला हे शब्द कुणी शिकवलेले नाहीत. जोडाक्षरे तर वर्गात सुरूच झालेली नव्हती. वडिलांचे अर्ज बघून तिने उचलले असेल, असे बाई म्हणतात. उचलले असेल. अर्जदार नाही म्हणत नाही.

५. अर्जदाराने वस्तू परत मागितली असता आपले उत्तर आले, की निर्मात्याने स्वतःच्या सहीने ती संग्रहास दिली आहे. अर्जदाराने मृत्यूचा दाखला जोडला. त्यावर आपण कळविले, की दाखल्याची तारीख व देणगीपत्राची तारीख यांचा मेळ बसत नाही. निर्मात्याच्या जुन्या अर्जावरील सहीशी ताडून पाहता ही सही त्याचीच दिसते. मयत इसमाने मृत्यूनंतर दहा महिन्यांनी केलेली सही ग्राह्य धरता येत नाही, आणि अग्राह्य धरावी तर वस्तू संग्रहात कशी आली याचा खुलासा होत नाही. आता हे तिसरे पत्र, की हल्ली मुक्कामापुढील जागा कोरी आहे, ती भरून द्यावी.

अर्जदार समक्ष येऊन गेली. भगवंत भाऊसाहेब चांगल्या मनाने म्हणाले, "ताई, जागा कोरी ठेवून फाईल बंद होत नाही. काहीतरी लिहा. कैलासवासी लिहा." अर्जदाराने घरी जाऊन विचार केला. खात्री नसलेला पत्ता अर्जात घालू नये, कागद रानोमाळ भटकत राहतो, असे प्रांजलचे वडील सांगत. अर्जदाराला खात्री नाही.

६. सोमवारच्या पडताळणीत मुलीच्या बोटात चुंबळ घालून, तिच्याकडून तेच नाव लिहवून घेऊन आपण सही ताडणार आहात. साहेब, यात अर्जदाराची कशी गत होते ते बघा. मुलीने वडिलांच्या अक्षरात लिहिले, तर सही त्यांची ठरेल आणि चुंबळ आपल्या पेटीत राहील. तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले, तर सही खोटी ठरून चुंबळ घरी येईल, पण मग घरी काय येईल? लोकर आणि लाकूड. काय व्हावे म्हणून खंडोबाला हात जोडावेत, हे अर्जदाराला ठरवता आलेले नाही. दळणाचा नंबर लावून गिरणीत बसलेली असताना, मेंढरे पाण्यावर असताना, प्रांजल शाळेत गेल्यावर, असा थोडा थोडा वेळ चोरून हा अर्ज लिहिला आहे. कागदाला पीठ लागले असल्यास व शाई दोन रंगांची दिसल्यास क्षमा असावी. इतक्या दिवसांतही तेवढे ठरले नाही.

७. आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. मागील दोन्ही अर्जांत, मुलीस चुंबळीवाचून लिहिता येत नाही, असे म्हटले होते. तेव्हा ते खरे होते. प्रांजल आता तिसरीत गेली आहे. परवा चुलीपाशी बसून तिने पाटीवर घरातल्या सगळ्यांची नावे लिहिली, बोटे नीट धरून, मोकळ्या हाताने. अक्षर गोल, तिचे स्वतःचे. अर्जदाराने सोमवारी घोडेगावला जायचे सांगितले, तेव्हा पाटीवरून डोके वर न काढता ती म्हणाली, "आये, ती मला व्हायची न्हाई आता. बोट लई जाड झालंय. आन मला येतंय की लिव्हायला." वडिलांचे नावही तिने लिहिले होते. वरची रेघ सरळ गेली होती. उतरली नव्हती. अर्जदाराने लेकीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडली, तिला गूळ दिला, आणि मेंढरांना पाला टाकायला म्हणून मागे गेली. पाला आधीच टाकलेला होता.

सासरे राघू हे तिथे खाटेवर बसलेले होते. ते म्हणाले, "सोड पोरी आता. मेलेलं मेंढरू खांद्यावर किती दिस वागवशील? घाण तुलाच येनार." त्यांचे बोलणे कडू असते, खोटे नसते. त्यांनी स्वतः मात्र मुलाची कातर अजून खाटेखाली ठेवली आहे व तिला दर अमावास्येला तेल देतात.

८. सबब अर्जदाराची विनंती अशी, की मुलीची पडताळणी घेऊ नये. ती आता ज्या रेघेवर आहे, तिथेच तिला राहू द्यावे. तिला पुन्हा त्या कड्यात बोट घालायला लावून काय उतरेल ते बघण्याची अर्जदाराची छाती नाही. चुंबळ आपल्या पेटीतच असू द्यावी. दुसऱ्या लेकरांना बघून उपयोग होईल. करणाऱ्याला ते आवडले असते. विषयात परत मिळणेबाबत असे लिहिले आहे, ते अर्ज सुरू केला त्या दिवशीचे आहे. कागद वाया जाऊ नये म्हणून खोडलेले नाही.

मात्र सोमवारी अर्जदार एकटी येईल. बोटाचे माप घेतलेला काळा दोरा पिशवीत सापडला आहे. तो अर्जदाराने आपल्या करंगळीभोवती गुंडाळून पाहिला. गाठीला गाठ येते. तरी पेटी उघडून ती चुंबळ थोडा वेळ अर्जदाराच्या करंगळीत घालू द्यावी, दुसरे कडे अंगठ्याच्या टोकाशी धरता येईल. आणि देणगीपत्राचा तोच कागद पुढे ठेवावा, ओळ जिथे थांबली तिथे पेन्सिल टेकवता येईल असा. आपल्या कार्यालयास जो पत्ता हवा आहे, तोच अर्जदारासही हवा आहे. काहीच उतरले नाही, तर भगवंत भाऊसाहेब सांगतील तो शब्द ती स्वतःच्या अक्षरात लिहून देईल, अंगठा म्हणाल तर अंगठा देईल. फाईल बंद करावी. पुन्हा अर्ज येणार नाही.

फक्त एवढे व्हावे. पेन्सिल आपणहून कागदावरून उचलली जाईपर्यंत या वेळी कुणी कागद ओढून घेऊ नये.

सोमवारी पहिल्या एस.टी.ने येत असलेली,
आपली नम्र अर्जदार,

सगुणा मच्छिंद्र बरकडे
राहणार शिनोली, हल्ली मुक्काम शिनोलीच
दि. ८ ऑगस्ट २००३

सोबत :
मृत्यूच्या दाखल्याची नक्कल.
बोटाच्या मापाचा काळा दोरा (पाहून परत करावा).