अण्णा, ऑइल मी बदललं

अण्णा, गेल्या शनिवारी मी माझ्या गाडीचं ऑइल घरीच, अंगणात बदललं. तुम्ही बीड-चौसाळा जीप चालवायचात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी जीपखाली शिरलात की दुपारपर्यंत तुमचे दोन पाय तेवढे बाहेर दिसायचे. मी त्या पायांशीच बोलायचे. "अण्णा, मी बी येऊ का खाली?" म्हटलं की आतून आवाज यायचा, "कावून? तुला काय जीप चालवायची हाय? सरक, उजेड अडवू नको." आई हरवलेलं घमेलं शोधत बाहेर यायची, ते तुमच्या कुशीत काळ्या ऑइलनं भरलेलं दिसायचं, मग तीही तुमच्या पायांनाच चार शब्द सुनावून आत जायची. पाय तेवढे जरा आत सरकायचे.

आता मी शाळेत शिकवते आणि रोज स्वतःची गाडी चालवत जाते. पण गॅरेजात प्रश्न मी विचारते आणि उत्तर तुमच्या जावयाला मिळतं. हे गाडी चालवत नाहीत, फक्त शेजारी बसून ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबतात. मागच्या खेपेला तिथल्या माणसानं "ताई, तुमी सावलीत बसा" म्हणून मला स्टूल दिलं. त्या स्टुलावर बसूनच मी ठरवलं, पुढचं ऑइल मीच बदलायचं.

सासूबाईंना वेगळाच घोर. रविवारी त्यांना नारायणगडाला दर्शनाला जायचं होतं आणि गल्लीतल्या तीन बायकांना आमंत्रण देऊन झालं होतं. "तुला काय खोलायचं ते खोल," त्या म्हणाल्या, "पण सकाळी गाडी हालली न्हाई तर मी बायकांना कोणतं तोंड दाखवू?" आणि खुर्ची टाकून, मांडीवर तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन माझ्या पायांपाशी बसल्या.

पुढची चाकं जाड ठोकळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि मी खाली शिरले. ऑइल सोडायचा नट सापडला, पाना लावला, दोन्ही हातांनी रेटल्यावर एकदाचा सुटला. आणि अण्णा, काय ऑइल आलं! मधासारखं, सोनेरी. मी ते घमेलं बाहेर ओढून सगळ्यांना दाखवलं. "बघा, एवढं चांगलं ऑइल गॅरेजवाले फेकून द्यायला सांगतात! लुटतात नुसते!" शेजारचे काका कंपाउंडवरून वाकून बघत होते, तेही म्हणाले, "आता मी बी जात न्हाई गॅरेजात." मला इतका अभिमान वाटला की मी नट परत लावला आणि भाषण देतच पुन्हा खाली शिरून फिल्टर फिरवायला घेतला.

फिल्टर सुटला आणि डांबरासारखं काळं ऑइल माझ्या कोपरावरून काखेत गेलं.

सासूबाई शेंगा सोलायच्या थांबल्या. "का गं," त्या म्हणाल्या, "एकाच गाडीत सोनं बी आन डांबर बी?"

मी खाली पडल्या पडल्या वर बघितलं. तसलाच दुसरा एक नट, हातभर अंतरावर, माझ्याकडे बघत होता. मी इंजिनाचं नाही, गिअरबॉक्सचं ऑइल काढलं होतं. चांगलं, धडधाकट, अजून कितीतरी चाललं असतं असं ऑइल, घमेल्यात, वरून शेंगांची टरफलं पडलेलं.

काका कंपाउंडवरून आपोआप दिसेनासे झाले. हे मोटारसायकल काढून गिअर ऑइल आणायला गेले. त्यांचं हे उठून जाणं मला आजवर एवढं कधी आवडलं नव्हतं. खरं इंजिन ऑइल काढायला आता भांडं नव्हतं, म्हणून लेकीच्या लहानपणीचा अंघोळीचा टब आला. गिअरबॉक्सचं भोक आडोशाला, तिथं बाटली जाईना. शेवटी कूलरचा पाइप कापला, सासूबाईंनी वरून नरसाळं धरलं आणि "जय हरी, जय हरी" म्हणत हळूहळू ओतलं. अर्धं आत गेलं, थोडं माझ्या केसांत. कमी पडलं म्हणून यांना पुन्हा दुकानात पाठवलं. अंधार पडायच्या आत गाडी सुरू झाली तेव्हा सासूबाईंनी बोनेटला हळद-कुंकू लावलं आणि मलाही लावलं, ग्रीसवरच.

रविवारी नारायणगडाला गेलो. बायका मागं अभंग म्हणत होत्या आणि मी गाडीचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकत होते. चढावर कुणाची तरी बांगडी वाजली तरी माझा पाय ॲक्सिलरेटरवरून निघायचा. पण गाडी गेली आणि आली. परतताना सासूबाई बायकांना सांगत होत्या, "आमी दोघींनी केलं सगळं."

तुम्ही गेलात, आता हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. सोमवारी शाळेला जाताना मी गुपचूप हायवेवरच्या एका अनोळखी गॅरेजात गाडी तपासून घेतली. मेकॅनिक खाली शिरला, बराच वेळ पाना घेऊन कण्हत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "बाकी ठीक हाय. पण नट लई आवळलेत, आटे जातील अशानं. कुणी आवळले हे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या अण्णांनी."

"त्यांना सांगा," तो म्हणाला, "एवढा जोर लावायचा नसतो."

म्हटलं, सांगते.