डॉक्टरांच्या गाडीचं वंगण

ता. ७ एप्रिल १८९६, मंगळवार

गाडी आली! जुनी आहे. जुनी म्हणजे — एका म्हाताऱ्या पारशी सॉलिसिटरानं जन्मभर फिरवलेली. मुंबईतला एक रस्ता तिनं पाहायचा ठेवलेला नाही.

हे म्हणाले, "पायी येणाऱ्या डॉक्टरला लोक कंपाउंडर समजतात." खरं आहे. दवाखाना उघडल्यापासून तिथं रोग्यांपेक्षा माश्याच जास्त.

गाडी वाडीत शिरली आणि आतून सासूबाई ओरडल्या, "कालिंदी, कोण कोणाचा गळा दाबतंय गं?"

चाकाचा आस! असा किंचाळतो की समोरच्या माडीवरचे वकील कागद टाकून गॅलरीत आले.

ता. ९ एप्रिल

खोबरेल घातलं. माझं! वाळा घालून ठेवलेलं! गाडी सुवासिक झाली आणि घटकाभर गप्पही बसली. मग उन्हानं तेल पातळ होऊन सगळं गळून गेलं. धोंडू गाडीवान म्हणाला, "बाईसाहेब, गिरगावापासून लालबागेपर्यंत रस्त्याला अभ्यंग घातलं आपण."

ता. १४ एप्रिल

वाळकेश्वरच्या शेटाणीबाईंचं बोलावणं! मोठं घर. डोकेदुखीचा जुना आजार. हे नवा कोट घालून गेले — आणि तोंड पाडून आले.

बाई म्हणे खिडकीशी निजल्या होत्या. गाडी फाटकात शिरली, अर्धं डोकं दुखत होतं ते पुरतं दुखायला लागलं. औषध आवडलं. "पण डॉक्टरसाहेब, आ गाडी नहीं!" गाडी गप्प झाली तर यांना घरचे डॉक्टर म्हणून नेमणार. न झाली तर दुसरे बघणार.

स्वारी जेवली नाही नीट. नुसता वरणभात कालवत बसली. मला वाईट वाटलं. इतकं शिकून शेवटी एका चाकाशी गाठ!

ता. १५ एप्रिल

हे कोटातल्या साहेबी दुकानातून विलायती तेलाचा डबा घेऊन आले. डब्यावर धावता घोडा. वरची इंग्रजी सूचना यांनी मंत्रासारखी वाचली. मग कळलं — नव्या, घट्ट बसलेल्या आसासाठी आहे. आमच्या आसात उंदीर घर करील एवढी फट! ओतलं तसं खाली आलं. अंगणात घोडा घसरला.

ता. १७ एप्रिल

धोंडूचं म्हणणं, जुन्या आसाला चरबीशिवाय इलाज नाही. सासूबाईंनी आतून ऐकलं.

"चरबी? या दारात? गाडी बाटेल, घोडं बाटेल, आणि तुमचे रोगी बरे झाले तरी बाटतील!"

चरबी रद्द.

ता. २० एप्रिल, सोमवार

आज शेवंता कोळीण मागच्या दाराशी आली. आम्ही मासे घेत नाही, पण ती वकिलांकडे येते आणि गप्पा मारायला माझ्याकडे. गाडीचं ऐकून कपाळावर हात मारला.

"बाय गो, मुशी माशाचं तेल लाव! आमचे होडीला तेच लावतो आमी. समुद्राला पुरतं, तुज्या गाडीला नाय पुरणार?"

सासूबाई देवळात होत्या. आम्ही लावलं! आस चिडीचूप! हे इतके खुलले की मला फेरी मारून आणली. वास होता. पण काय तो आनंद!

ता. २१ एप्रिल

नको ते लिहायला.

गाडी वाळकेश्वर चढेपर्यंत मागं मांजरांची वरात. पोर्चमध्ये एक बोका चाकावरच चढला. शेटाणीबाई पक्क्या वैष्णव. नाकाला पदर लावून — "डॉक्टरसाहेब, आ शुं गंधाय छे?"

हे बोक्याला हाकलत म्हणाले, "औषध आहे."

बाईंनी त्या दिवसाचं औषध घेतलंच नाही.

ता. २३ एप्रिल

सासूबाईंना सगळं कळलं. वासानंच. गाडी धुतली, गोमूत्र शिंपडलं, मांजरं तरी हलेनात.

रागावून झाल्यावर गुडघे चोळत म्हणाल्या, "मेल्यांनो, मला विचारलंत का कधी? तरण्या सुनेच्या केसांना खोबरेल. माझ्या गुडघ्यांना एरंडेल. ती गाडी कोणाच्या वयाची आहे?"

हे माझ्याकडे बघायला लागले, मी यांच्याकडे.

दवाखान्यातली एरंडेलाची बरणी आणली. दाट, चिकट, संथ. आसात जाऊन बसलं ते बसलंच. गाडी आवाज करीना, की वास मारीना! हे म्हणाले, "पोरांना पाजतो तेव्हा किंचाळतात, हिला पाजलं तर गप्प!"

ता. ५ मे

घरचे डॉक्टर झाले! शेटाणीबाईंनी पेढे धाडले. सासूबाई सगळ्या वाडीला सांगत सुटल्या — गुडघ्यांसकट.

ता. १६ जून

गाडी आल्यापासून लालबाग-परळच्या चाळींत यांचे रोगी जमले होते, ते कमी झालेत. हे रोज चाळींवरून गाडी नेतात, कोणी हाक मारत नाही. म्हणतात, "लोक बरे झाले असतील." पण तोंड कडू.

ता. १८ जून

आज लालबागेहून मंजुळा चालत आली. नवरा गिरणीत, कडेवर तापलेलं पोर. यांना पाहून आधी रडली, मग हसली.

"डाक्टर गेले की काय, म्हणून बघूक इलंय!"

"गेले म्हणजे?"

"गाडी किंचाळत येय, मगे आमी पोरांका घेवन भायर येऊ. आता तुमी कधी येतास नि कधी जातास, कळणाच नाय!"

यांनी पोराला तपासलं, औषध दिलं, गाडीतून घरी सोडलं. परत आल्यावर गॅलरीत नुसते फेऱ्या मारत होते. मी म्हटलं, "वाळकेश्वरला दोन डॉक्टर मिळतील. लालबागेला कोण?" कळलं यांना.

ता. १९ जून

धोंडूनं सोडा लावून आस धुतला. वर पुटपुट — "आधी गप्प करा, आता बोलकी करा!" दुपारी गाडी किंचाळत गेली. वकिलांनी खिडकी लावून घेतली. हे चाळींतून फिरून दिवेलागणीला आले — घसा बसलेला, चेहरा फुललेला. शेटाणीबाईंनी दुसरे डॉक्टर नेमले. नेमोत!

ता. १३ ऑक्टोबर

मांडवीकडे गाठीचा ताप — हे प्लेग म्हणतात. माणसं पटापट जातायत. वाळकेश्वरची मंडळी गाव सोडून गेली. वकीलही. हे म्हणाले, "तू आणि आई कोकणात जा." सासूबाई म्हणाल्या, "गाडीत बसेन, बोटीत नाही." मी ट्रंक उघडलीच नाही.

ता. १८ डिसेंबर, शुक्रवार

आज गाडीचा आवाज ऐकून लालबागेत दारं लागली. एकामागून एक. डॉक्टरला दिसलं की सरकारी लोक माणसाला इस्पितळात नेतात, तो परत येत नाही — म्हणून आजारी माणसं लपवतात. मंजुळाचंही दार बंद होतं. आतून पोराचं कण्हणं यांना ऐकू आलं.

घरी येऊन हे उंबऱ्यातच उभे राहिले. म्हणाले, "अगं, एरंडेल काढ. आता मागच्या दारानं, मुकाट जावं लागेल."