आपट्याला तंबू

३ जानेवारी १९९४

कर्नाळा! पुन्हा कर्नाळा! आमच्या वरच्या खोलीतले भाडेकरू अविनाशराव दर वर्षी तंबू घेऊन तिकडंच जातात. पक्षी बघायला म्हणे. ह्या वर्षी मी पण येते म्हटलं, तर नवरा-बायको एकमेकांकडं बघायला लागले. वसुंधराबाई म्हणाल्या, "सत्यवतीबाई, तुम्ही? आणि तंबूत?" म्हटलं, का, मला काय काटे हायत? पण कर्नाळा नको. आपट्याला चला, नदीवर. पाणी हाय, सावली हाय.

"आपट्याला काय आहे बघायला?"

माझी दिपा हाय. पण ते मी बोलले नाय.

५ जानेवारी

दिपाचं लग्न मे महिन्यात झालं. पहिला दिवाळसण – पाठवली नाय. जावई पण आला नाय. मग मीच गेले आपट्याला. सासू आमच्या दोघींच्या मधे बसली! दिपाला विचारलं, बरी हायस? "बरी हाय." खाली बघून. आमच्यात नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पण पीत नायत. मी तांब्या बाजूला सारला, तर विहीणबाई म्हणतात, "पाणी पण घेत नाय, मग बसून काय करता? यष्टी चुकंल!" उठले. काय करणार? तिथं रात्री राहायचं तर नावच नको.

घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, लेकीचं काय खरं नाय. म्हणाले, "दिली ती दिली." आणि पेपरात तोंड.

७ जानेवारी

आपट्याची जिजा बाजारात भाजी घेऊन बसते. तिला विचारलं. म्हणाली, दिपा रोज सकाळी नदीवर धुणं घेऊन येते, आणि सासू काठावर बसून असते. "परवा हाताला फडकं बांधलेलं होतं गो." कशानं? "मी काय विचारू? ती बसलेली ना!"

म्हणून तंबू. नदी कोणाच्या बापाची नाय. तिथं राहिलं तर कोणाच्या घरात पाय ठेवावा लागत नाय. एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय – राहायचंय की यायचंय. पुढचं मी बघते.

८ जानेवारी

अविनाशरावांचं आपलं चाललंय – स्टोव्ह, दोऱ्या, खुंट्या, कंदील. "तांदळाची भाकरी कराल ना?" करीन! आधी जागा ठरवा! "कर्नाळाच बरं पडेल हो." डोकं फिरलं माझं.

९ जानेवारी

सांगून टाकलं. सगळं. जिन्यातच. अविनाशराव म्हणाले, "अहो, मग आधी नाही का सांगायचं?" म्हटलं, भाडेकरूंना घरातलं सांगायची सवय नाय मला. वसुंधराबाई डोळे पुसायला लागल्या. रडताय काय, चटण्या बांधा!

शनिवारी आपटा. ठरलं.

११ जानेवारी

ह्यांनी घाण केली! बाजारात जावयाचा चुलता भेटला, त्याला मोठेपणानं सांगून आले – "आमची मंडळी तंबू घेऊन येतेय तुमच्या गावाला!"

१२ जानेवारी

विहीणबाईंचा निरोप. "तंबूत कशाला? घर हाय की. हक्कानं उतरा." मी उतरू शकत नाय हे माहीत हाय त्या बाईला!

आणि जिजा सांगून गेली – सोमवारी दिपाला दिराच्या वीटभट्टीवर धाडणार, मजुरांचं रांधायला. पावसापर्यंत! आमच्या येण्याचं कळलं आणि हे ठरलं. आता फक्त रविवारची सकाळ.

ह्यांच्याशी बोलत नाय.

१३ जानेवारी

वसुंधराबाई खाली आल्या. म्हणाल्या, रविवारी सकाळी आपट्याच्या देवळात संक्रांतीचं हळदीकुंकू मी करते. "हळदीकुंकवाला नाही कोण म्हणतं? तुमच्या विहीणबाईंना पहिलं बोलावणं." वाणाला स्टीलच्या वाट्या पण आणल्यात. बाई दिसते तेवढी मऊ नाय!

"आणि सुनेलाही घेऊन आल्या तर?"

धुणं टाकून सुनेला नटवून आणील, ती? नाय आणायची.

आणली तर संपलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ कोणाला दिला नाय. गोड बोलायला जमायचं नाय आज.

१५ जानेवारी

नदीवर. अविनाशराव एकीकडून दोरी ओढतात, तंबू दुसरीकडून पडतो. शेवटी ह्यांनीच चार मोठे धोंडे लावले. हो, हे पण आले! टेम्पोत गुपचूप येऊन बसले. म्हटलं, तुमी कशाला? "दिली ती दिली. बघायला काय हरकत हाय?"

वसुंधराबाई घरोघर बोलावणं करून आल्या. विहीणबाई येते म्हणाल्या.

त्यांचं घर इथून दिसतं. अंधार पडेपर्यंत बघत होते. दारात दिपा आली नाय.

१६ जानेवारी

सासू देवळात गेली आणि दिपा आली. एकटी. डोक्यावर बोचकं. मी धावले. म्हटलं, बोल – राहायचंय की यायचंय? म्हणाली, "धुणं होऊ दे." सगळं धुतलं. पिळलं. धोंड्यांवर वाळत घातलं. नवऱ्याच्या शर्टाची कॉलर नीट केली. मग पदराला हात पुसले आणि तंबूत येऊन बसली.

बाहेर सासू हाका मारतेय. हे तंबूच्या दारात उभे हायत, आडवे. दिपा ओ देत नाय.